तालव्य, दंत्य

खालच्या समोरच्या दोन दातांनी माझं वय सांगून टाकलं,
मी ते कुणाला सांगायच्या आधीच.
हिरडी मागे सरली
मानशीच्या दारातून ओहोटीचं पाणी सरतं तशी,
आवाज न करता.
कलिंगडाची फोड लागली की मूळ किंचाळतं.
सोलकढी मी आता कोमट पिते,
हे घरात कुणाला ठाऊक नाही.
चोडणहून रिबंदरला जाणाऱ्या फेरीत
तोंड मिटून बसते.
लोकांना वाटतं, बाई निवृत्त झाल्यापासून गंभीर झाल्या.

डॉक्टर इनेस कुलासो, मळ्यात, पहिल्या मजल्यावर,
खाली चपलांचं दुकान.
प्लास्टरचा जबडा मांडीवर घेऊन
ती मला समजावते,
जशी मी कधीकाळी पृथ्वीचा गोल घेऊन समजावत असे.
हिरडी उघडून मुळं खरवडायची, परत शिवायची,
हा एक मार्ग.
हाड खचलंय तिथे हाडाची भुकटी भरून
वर पातळ पडदा घालायचा, तो खर्चिक.
किंवा टाचणीएवढं भोक पाडून
आहे तीच हिरडी वर ओढून घ्यायची,
पण तुमची फार पातळ आहे, टीचर, फाटेल.
मग पेन्सिलीचं टोक वर नेत म्हणाली,
इथलं काढून तिथे लावू.
इथलं म्हणजे टाळूचं.
"तुजेंच मास. परक्याचें न्हय."

मला हसू आलं, दुखलं तरी.
चौतीस वर्षं सातवीच्या वर्गाला
हेच तर सांगत आले:
जीभ टाळूला लावा, च छ ज झ, तालव्य.
आता दातांना, त थ द ध, दंत्य.
मागच्या बाकावरचा एक जण विचारायचा,
बाई, मग चहातला च आणि चुलीतला च एकच कसा?
एक नाहीच रे, मी म्हणायची,
लिहायला एक.
पहिला टाळूवर राहतो,
दुसरा कधीतरी दातांकडे सरकला,
कुणी टाका घातला नाही,
कुणी सही घेतली नाही.
माझी मात्र सही घेतली, तीन ठिकाणी.

गुणो बांध बुजवतो तेव्हा
बाहेरून माती आणत नाही.
खाजनातलाच चिखल, त्याच शेताच्या पोटातला,
हातांनी थापत जातो.
शेतात खड्डा राहतो.
विचारलं तर म्हणतो, "भरतलो."
दोन-चार भरत्या येऊन जातात,
खड्डा कुठे होता ते त्यालाही दाखवता येत नाही.
खुर्चीत मागे रेलताना मी गुणोचे हात आठवले.
देव आठवायला हवा होता बहुतेक.

इंजेक्शननंतर ओठ दुसऱ्या कुणाचा तरी झाला.
वरून एक चतकोर निघाला,
नखाएवढा, गुलाबी.
मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितला.
टाके अकरा.
दोरा ओढताना डॉक्टर गुणगुणत होती,
चपलांच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं.

जिथे लावलं तिथे फारसं दुखलं नाही.
जिथून काढलं तिथे दुखलं,
आणि हे त्या छापील कागदावर नव्हतं.
दहा दिवस पेज, गाळलेली, निवलेली.
बोलायचं नाही.
बहिणीचा म्हापशाहून फोन, मी नुसतं हं.
तिनं सगळं सांगून घेतलं,
सासूचं, घराच्या वाटणीचं,
आणि म्हणाली, किती वर्षांनी तू ऐकलंस.

बाराव्या दिवशी टाके काढले.
रंग बरा आहे, इनेस म्हणाली,
धरलं की नाही ते सहा महिन्यांनी कळेल.
सहा महिने!
परतीच्या फेरीत कठड्याशी उभी राहिले,
मांडवीचा वारा समोरून.
तोंड उघडलं, हळूच म्हटलं, चहा.
मग, चूल.
दोरखंड गुंडाळणारा पोरगा वळला, "कितें, बाये?"
काही नाही, म्हटलं.
दात शिवशिवला.
थोडा.